गावच्या व्हाळापासून सुरुवात करा: शाळा आणि गावासाठी पाणलोट शिक्षण

पर्यावरण मंडळाची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेले शिक्षक, पंचायतीच्या जैवविविधता समितीत नव्याने आलेले सदस्य, महिला मंडळातल्या कार्यकर्त्या आणि गोव्यात नुकतेच राहायला येऊन गावासाठी काही करू पाहणारे लोक, अशा सर्वांसाठी हा लेख आहे. पाण्याच्या विषयातली पदवी इथे लागत नाही. वर्षभर एकाच व्हाळाकडे (ओढ्याकडे) नियमितपणे पाहण्याची तयारी मात्र हवी.

पाणलोट म्हणजे काय हे मुलांना एका वाक्यात सांगता येते: ज्या जागेवर पडलेला पाऊस शेवटी एकाच तोंडातून बाहेर पडतो, ती सगळी जागा म्हणजे एक पाणलोट. शाळेमागच्या व्हाळाचा पाणलोट असतो, तो व्हाळ ज्या नदीला मिळतो तिचाही असतो, आणि लहान पाणलोट मोठ्याच्या पोटात बसलेला असतो. गोव्यात हे शिकवणे सोपे आहे, कारण राज्य अवघे ३,७०२ चौरस किलोमीटरचे. सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंतचा प्रवास बसने एका दिवसात होतो. नदीचा उगमाकडचा डोंगर, मधली कुळागरे (पाटाच्या पाण्यावरच्या माड-पोफळीच्या बागा) आणि मुखाजवळची खाडी हे सगळे मुलांना एकाच सहलीत दाखवणे देशातल्या फार थोड्या शाळांना शक्य आहे.

१. आधी नळाचा माग काढा

पहिला तास वर्गातच घ्या. एकच प्रश्न विचारा: आपल्या नळाला पाणी कुठून येते? बहुतेक मुले ‘टाकीतून’ म्हणतील. मग टाकीत कुठून, आणि त्याच्याही आधी कुठून, असे मागे मागे जा. फोंडा आणि तिसवाडीच्या मोठ्या भागाला ओपाचा प्रकल्प पाणी देतो. ओपा खांडेपार नदीवर आहे आणि खांडेपार ही मांडवीची उपनदी. दक्षिण गोव्यात बहुतेक धागे सांगे तालुक्यातल्या साळावली धरणाकडे जातात, म्हणजे जुवारीच्या खोऱ्यात. बार्देशला अस्नोड्याचा प्रकल्प, पेडण्याला चांदेलचा, सत्तरीत दाबोसचा, डिचोलीकडे पडोसेचा. तिळारीचे धरण महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यात आहे, तरी त्याच्या कालव्याचे पाणी उत्तर गोव्यात येते. ही गोष्ट मुलांना चकित करते, आणि पाणी राज्याच्या सीमा पाहून वाहत नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

हीच चौकशी घरी करायला द्या. नळ येण्याआधी आजी पाणी कुठून आणायची? विहीर, झर की तळी? ती जागा आज कशी आहे? पुढच्या सगळ्या कामाचे अर्धे पत्ते या उत्तरांतच मिळतात.

२. एकच लहान पाणलोट निवडा

नवीन माणसे इथे एकदम ‘म्हादई’ (मांडवीचेच वरच्या भागातले नाव) हा विषय हाती घेतात. म्हादईचे महत्त्व मलाही ठाऊक आहे, पण सातवीच्या मुलाला २,०३२ चौरस किलोमीटरचे खोरे डोळ्यांनी दिसत नाही. एका सकाळी चालून संपेल एवढाच पाणलोट निवडा. त्यात एखादा डोंगर किंवा सडा (माथ्यावरचे खडकाळ पठार) असावा, एक वाहता व्हाळ असावा, थोडी वस्ती आणि शेती असावी.

नकाशासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यावरच्या समोच्च रेषा साधारणपणे २० मीटरच्या फरकाने असतात. या रेषा चढाच्या दिशेने टोक करून वळतात तिथे व्हाळ असतो, उताराच्या दिशेने वळतात तिथे डोंगराची धार. व्हाळाच्या तोंडापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंच्या धारा पेन्सिलने जोडत गेलात की पाणलोटाची सीमा मिळते. पहिल्यांदा चुकते, पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात डोळा बसतो.

मुलांसाठी त्याआधी एक खेळ घ्या. जाड कागद चुरगळून अर्धवट उलगडा, उंच झालेल्या कडांवर पाण्यात विरघळणाऱ्या निळ्या शाईचे स्केचपेन फिरवा आणि वरून पाण्याचा फवारा मारा. शाई कुठून ओघळते आणि कुठे साठते ते मुले स्वतःच सांगू लागतात. पाचवीच्या पुढच्या कोणत्याही वर्गाला हे एका तासात जमते.

३. माथ्यापासून तोंडापर्यंत चाला

कार्यक्रमाचा गाभा हाच. यासाठी कितीही वेळ गेला तरी जाऊ द्या.

पाऊस ओसरल्यानंतरचे दिवस, म्हणजे ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबर, सगळ्यांत चांगले. व्हाळ वाहते असतात, वाटा सुकलेल्या असतात आणि गवत अजून हिरवे असते. शिक्षकांनी मुलांना नेण्याआधी गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घेऊन ती वाट एकदा चालून यावे.

परवानग्या आधीच घ्या. जमीन कोमुनिदादची (गावाच्या जुन्या सामायिक जमीन-संस्थेची) आहे, भाटकाराची (जमीनदाराची) आहे की वनखात्याची, हे पंचायतीत विचारले की कळते. वाट म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव अशा अभयारण्यांतून जात असेल, तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. सत्तरीच्या जंगलभागात गोचिडांमुळे माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत, आणि या तापाचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. त्यामुळे तिथे जाण्याआधी आरोग्य केंद्रात चौकशी करा, आणि माकड मेल्याची बातमी असेल तर त्या भागात जाऊच नका. जून ते सप्टेंबर मुलांना व्हाळात किंवा धबधब्याखाली उतरवू नये. वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पायाला जखम असलेल्या मुलाला साचलेल्या पाण्यात जाऊ देऊ नका, कारण पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. कुंभारजुवे कालवा आणि त्याच्या आसपासच्या खाजनांत (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनींत) मगरी आहेत, तिथे काठावरूनच पाहायचे.

आता वाटेवर काय पाहावे ते सांगतो.

माथ्यावर बहुधा जांभ्याचा सडा लागेल. वरवर पाहता उजाड खडक. पण जांभा छिद्रांचा दगड आहे. पावसाचे पाणी त्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून खाली उतरते, खालच्या चिकण मातीच्या थराशी अडते आणि आडवे सरकत डोंगराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडते. गोव्यातल्या कितीतरी वाड्यांची जुनी घरे, देवळे आणि तळी नेमकी या झरींच्या ओळीवर वसलेली दिसतील. वेर्ण्याची केसरवळ, नेत्रावळीतली बुडबुड्यांची तळी आणि पणजीतल्या मळ्याची फिनिक्स झर ही नावे मुलांनी ऐकलेली असतात, पण त्यांचे पाणी वरच्या जमिनीत मुरलेले असते हे सहसा कोणी सांगितलेले नसते. सड्याला ‘पडीक जमीन’ म्हणणे किती चुकीचे आहे ते इथे उभे राहून दाखवा. पावसाळा संपता संपता सड्यावर सीतेच्या आसवांची निळीजांभळी फुले असतात, तीही दाखवा. सड्यावर काँक्रीट पडले की पायथ्याच्या झरीचे काय होईल, हा प्रश्न मुलांनाच विचारा आणि उत्तर देण्याची घाई करू नका.

उतारावर जंगल असेल तर पाचोळा हाताने बाजूला करून खालची ओली माती दाखवा. देवाची राय (देवराई) असेल तर चपला काढून आत जा आणि तिथे उगम पावणारे पाणी पाहा. कित्येक रायांच्या पोटात झर असते, आणि ती राय राखली म्हणूनच झर टिकली आहे असे गावकरी सांगतात.

त्याखाली कुळागर. माड, पोफळी, केळी, मिरवेल, जायफळ, आणि या सगळ्यांना पाणी देणारा पाट. पाट कुठे अडवला आहे, त्याला उतार किती दिला आहे, कोणाची पाळी कधी असते, हे सगळे कुळागराच्या मालकाकडूनच ऐका. पाण्याचे वाटप आणि त्यातून भांडण न होऊ देणे यांचा असा धडा पुस्तकात सापडत नाही.

मग शेती. सरद, म्हणजे पावसाळी, भाताचे खाचर पाणी अडवून मुरवते. वायंगण (पावसानंतरची दुसऱ्या पिकाची) शेती मात्र उन्हाळ्यातल्या साठवलेल्या पाण्यावरच होते, त्यामुळे गावात वायंगण कुठवर होत होते आणि आता कुठवर होते, हे गावच्या पाण्याचे चांगले माप आहे.

तुमचा व्हाळ खाडीला मिळत असेल तर शेवटचा थांबा खाजनाचा. मांडवी आणि जुवारी यांच्यात भरतीचे पाणी फार आतवर येते, मांडवीत गांजेपर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारे ५० किलोमीटर. उन्हाळ्यात नदीचा ओघ आटला की खारे पाणीही वर सरकते. त्याला शेतात शिरू न देण्यासाठी चिखलाचे बांध आणि त्यात बसवलेले मानस. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने मानसाची लाकडी दारे बाहेर उघडतात, भरतीला बाहेरच्या दाबाने आपोआप मिटतात. भरती फिरण्याच्या वेळेला मुलांना तिथे न्या, दारे मिटताना त्यांना स्वतः पाहू द्या. बांध फुटला की एका हंगामात गोडी जमीन खारी होते आणि तिथे खारफुटी उगवू लागते, हेही आजूबाजूला दिसतेच. फोंडा तालुक्यातल्या खाजनकाठच्या काही गावांत पौषातल्या अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात. त्या गावातल्या शाळेने तो दिवस कार्यक्रमात नक्की घ्यावा.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत खाणींचे ढिगारे आणि खड्डे वाटेत लागतील. ते टाळू नका. पावसात ढिगाऱ्यावरून उतरणारी लाल माती व्हाळात, शेतात, नदीच्या तळाशी कशी बसते ते बाटलीत पाणी भरून दाखवता येते. मात्र खाणीच्या खड्ड्याजवळ मुलांना नेऊ नका, काठ कच्चे असतात आणि पाणी खोल.

४. मोजायला लागा

माझे ठाम मत असे, की मोजणी नसलेला पाणलोट कार्यक्रम पहिल्या वर्षीच विरून जातो. झाडे लावण्याचा एक दिवस साजरा होतो, फोटो निघतो आणि पुढच्या जूनला तीच जागा पुन्हा खणली जाते. एक वही मात्र वर्षभर भरत गेली, तर ती मुलांची आणि गावाची होते.

सगळे एकदम मोजू नका. पाऊस आणि एक विहीर, एवढ्याने सुरुवात करा.

पावसासाठी सरळ कडांचे भांडे, आत मिलिमीटरची पट्टी, आणि ठेवायला झाडांपासून व छपरापासून दूर अशी उघडी जागा. हवामान खाते सकाळी ८:३० ला नोंद घेते, तुम्हीही तीच वेळ ठेवा, म्हणजे तुलना करता येते. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटाकडे, वाळपईच्या बाजूला, ४,००० च्या पुढे जातो. किनाऱ्यावरच्या शाळेने आणि सत्तरीतल्या शाळेने एकमेकांशी आकडे वाटून घेतले तर सह्याद्री काय करतो ते आलेखातच उमटते.

गणिताच्या तासाला हे उदाहरण द्या. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचे छप्पर ३०० चौरस मीटर असेल तर ३,००० मिलिमीटर पावसात त्यावर ९ लाख लिटर पाणी पडते. पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी ७ लाख २० हजार लिटर उरते. २०० मुलांना रोज ३ लिटर याप्रमाणे शाळेच्या २०० दिवसांना लागते १ लाख २० हजार लिटर. हा हिशेब मुलांनी पालकसभेत मांडला तर छपराचे पाणी विहिरीत सोडण्यासाठी पन्हळ आणि गाळणी बसवायला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

विहिरीसाठी गाठी मारलेली दोरी आणि टोकाला वजन. काठड्यापासून पाण्यापर्यंत मोजा, काठड्याची उंची वजा करा, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आणि पंप सुरू होण्याआधी मोजा. मुलांनी काठड्यावर चढायचे नाही, मोठे माणूस जवळ हवेच. केंद्र सरकारचे जलदूत ॲप २०२२ पासून आहे. त्यात गावातल्या निवडक उघड्या विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून दोनदा नोंदवतात. पंचायतीत त्या विहिरी कोणत्या ते विचारा आणि जमले तर त्यातलीच एक घ्या.

दुसऱ्या सत्रात झर आणि व्हाळ जोडा. झरीखाली १० लिटरची बादली धरायची आणि घड्याळ लावायचे. २५ सेकंदांत भरली तर मिनिटाला २४ लिटर, म्हणजे दिवसाला ३४,५६० लिटर. व्हाळासाठी १० मीटरचा सरळ भाग निवडा, लिंबू सोडा आणि ते किती सेकंदांत पोहोचते ते पाहा. रुंदी, सरासरी खोली आणि वेग यांचा गुणाकार करून त्याला ०.८५ ने गुणा, कारण वरचे पाणी तळच्या पाण्यापेक्षा जोरात धावते. दीड मीटर रुंद, २० सेंटिमीटर खोल व्हाळात लिंबाला २५ सेकंद लागले, तर सेकंदाला साधारण १०० लिटर पाणी वाहते आहे.

पाण्याच्या गुणवत्तेसाठी पीएच पट्ट्या, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर आणि जिवाणूंसाठी काळी पडणारी एच२एस बाटली पुरे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक पीएच ६.५ ते ८.५ आणि टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असे सांगते. जांभ्यातल्या विहिरींचा पीएच बऱ्याचदा ६.५ च्या खाली येतो, त्याने घाबरून जाऊ नका. पण एच२एस बाटली काळी झाली, तर ते पाणी न उकळता पिऊ नये हे त्या घराला त्याच दिवशी सांगा आणि नमुना पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत द्या. कोणाच्या विहिरीचे पाणी खराब निघाले हे फलकावर लावू नका. एकदा असे झाले की पुढच्या वर्षी कोणी विहिरीला हात लावू देत नाही.

५. गावाला बोलवा, पण भाषणाला नको

शाळेचा कार्यक्रम गावाचा व्हावा असे वाटत असेल तर गावाने आधीच पाळलेले दिवस वापरा. २४ जूनला सांजावाच्या (सेंट जॉनच्या सणाच्या) दिवशी मुलगे विहिरीत उड्या घेतात. त्याच्या आदल्या आठवड्यात विहिरींची पातळी मोजून त्या त्या वाड्यावर सांगितली तर लोक कान देऊन ऐकतात. साखळीला विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत होड्या सोडतात, त्या काठावर नदीची वही मांडता येते. आषाढी एकादशीनंतर माशेलच्या चिखलकाल्याला सगळा गाव चिखलात उतरतो. मातीवर बोलायला याहून चांगला दिवस नाही.

एक संध्याकाळ केवळ ऐकण्यासाठी ठेवा. जुने कुळागरकार, खाजनाच्या कुळांच्या संघटनेतले लोक, मानसावर मासे धरणारे, तिसऱ्या आणि खुबे (शिंपले) काढणाऱ्या बायका यांना बोलवा. मुलांनी प्रश्न विचारायचे: पूर कुठवर यायचा? कोणती झर कधी आटली? मासळी कोणत्या महिन्यात चढायची? बोलणे कोंकणीतूनच होईल, होऊ द्या, मुले मराठीत लिहून घेतील. आजोबांना ‘तुम्ही चुकता’ असे कोणी म्हणायचे नाही. वहीतले आकडे आणि आठवण जुळत नसेल तर दोन्ही लिहून ठेवायचे.

मोठी मुले या टप्प्यावर म्हादईचा विषय स्वतःच काढतात. आता तो घ्यायला हरकत नाही. खोऱ्यातले १,५८० चौरस किलोमीटर गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. तिन्ही राज्यांच्या पाणीवाटपाच्या वादासाठी नेमलेल्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले, आणि तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. १ टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. आपल्या व्हाळाच्या सेकंदाला १०० लिटरशी हा आकडा ताडून पाहायला सांगा. स्वतः मोजलेल्या मुलाला त्या आकड्याचे वजन कळते.

६. एक लहान काम हाती घ्या

पाऊस संपल्यावर व्हाळात मातीने भरलेल्या पोत्यांचा बांध घालणे सगळ्यांत सोपे. जागा निवडताना काठ घट्ट आणि प्रवाह अरुंद असावा, वर कोणाचा पाट तुंबू नये, आणि खालच्या शेतकऱ्याला विचारलेले असावे. भरतीचे पाणी येते तिथे असा बांध घालू नये. पावसाआधी पोती काढून घ्या, नाहीतर प्लास्टिक खाडीत जाते. जलस्रोत खात्याचे बंधारे गोव्यात शेकडो आहेत. तुमच्या व्हाळावर एखादा असेल तर नवा बांध न घालता त्याच्या फळ्या कधी बसवल्या, कधी काढल्या आणि कुठे गळतात याची नोंद ठेवा. हे काम दिसायला छोटे, पण खात्याला आणि शेतकऱ्याला त्याचा खरा उपयोग होतो.

झर साफ करायची असेल तर हातांनी आणि टोपल्यांनीच. यंत्र आणू नका. तळाची चिकण माती फुटली की पाणी दुसरीकडून वाट काढते. झरीच्या तोंडाशी लाद्या आणि सिमेंट लावण्याचा आग्रहही मोडून काढा.

७. ग्रामसभेत वही ठेवा

वर्षाच्या शेवटी एका पानाचे टिपण तयार करा: नकाशा, पावसाचा आणि विहिरीचा आलेख, दोन निरीक्षणे आणि एकच मागणी. ‘अमुक सड्यावर बांधकामाचा प्रस्ताव आला तर खालच्या झरीचा विचार व्हावा’ किंवा ‘तमुक बंधाऱ्याच्या फळ्या नोव्हेंबरातच बसाव्यात’, इतकी नेमकी. ग्रामसभा बहुतेक रविवारी असते, त्यामुळे पालक मुलांना आणू शकतात. विषय आधी लेखी देऊन ठेवा. एक प्रत जैवविविधता समितीला द्या, गावाच्या जैवविविधता नोंदवहीत झरी, तळी आणि राया यांची नावे चढवून घ्या.

वही पुढच्या वर्गाच्या हाती देताना तिच्या शेवटच्या पानावर ही माहिती असू द्या: दोरी किती मीटरची आणि तिची गाठ किती अंतरावर, काठड्याची उंची, पर्जन्यमापक नेमका कुठे ठेवला आहे, बादली कोणाच्या घरी असते, कोणत्या विहिरीसाठी कोणाची परवानगी घेतली, आणि सुट्टीच्या महिन्यात मोजणी कोण करणार. मे महिन्यासाठी व्हाळाजवळ राहणारी दोन मुले आधीच ठरवा. तो महिना सुटला तर वर्षाचा सगळ्यांत खोल आकडा हातून जातो.